शारजात गाणी धुताना

मला बऱ्याच भाषांतल्या शिव्या येतात. इंग्रजी, हिंदी, पंजाबी तर झाल्याच. पण अरबीच्या दोन-तीन तऱ्हा, थोडी फारसी, थोडी फिलिपिनो आणि शेवटी शेवटी स्पॅनिशसुद्धा. निवृत्त होऊन पुण्यात परत आले तेव्हा आमच्या सोसायटीत ही बातमी कशी कोण जाणे पसरली, आणि मला हळदीकुंकवाला बोलवावं की नाही यावर म्हणे चर्चा झाली. बोलावलं. वाण देताना एकीने कानाशी येऊन हळूच विचारलं, "एखादी सांगा ना हो, कोणालाही कळणार नाही अशी."

काय करणार, पोटापाण्याचा धंदाच तो होता. शारजाच्या औद्योगिक भागात एका बाजूला गाड्यांचे रेडिएटर दुरुस्त करणारं गॅरेज आणि दुसऱ्या बाजूला ॲल्युमिनियमच्या खिडक्यांचा कारखाना, यांच्या मधोमध आमची कॅसेट कंपनी होती. बाहेरच्या देशांतून गाणी यायची, त्यांच्या कॅसेटी आमच्याकडे भरल्या जायच्या आणि मग दुबई, अबू धाबी, अल ऐन करत पार फुजैरापर्यंतच्या दुकानांत पोचायच्या. पण त्याआधी गाणं साफ असावं लागे. शिवी नको, दारूचं कौतुक नको, देवाधर्माची थट्टा नको आणि बाईच्या अंगाचं वर्णन तर नकोच नको. परवानगी देणारं ऑफिस वेगळं होतं, पण त्यांच्याकडे पाठवण्याआधी आपणच धुऊन पाठवलेलं बरं, असं आमच्या मालकांचं मत. ते धुणं माझ्याकडे होतं.

मालक म्हणजे इस्माईलभाई, मूळचे श्रीवर्धनचे. बाकी सगळ्यांशी हिंदी आणि अरबीत बोलायचे, माझ्याशी मात्र आवर्जून मराठीत, आणि तेही असं की समोर नारळाची वाडी आहे असं वाटावं. लग्नाआधी मी दादरला एका जाहिरातींच्या स्टुडिओत टेप कापायचं काम करत असे. आमच्या ह्यांना शारजात एसीच्या कंपनीत नोकरी लागली म्हणून आले, लेक शाळेत जायला लागल्यावर घरात बसून जीव उबगला, आणि कोणाच्या तरी ओळखीने इस्माईलभाईंकडे गेले. त्यांनी विचारलं, "ताई, ब्लेड चालवता येते?" मी म्हटलं, येते. "मग यल्ला, बसा." एवढाच माझा इंटरव्ह्यू.

हे काम बाहेरच्यांना सांगावं लागतं, कारण आता कॉम्प्युटरवर दोन बटणं दाबली की होतं. तेव्हा आवाज करंगळीहूनही अरुंद अशा तपकिरी टेपवर असायचा आणि ती टेप मोठ्या चकत्यांवर गुंडाळलेली असायची. चकती हाताने मागेपुढे फिरवायची, म्हणजे गाणारा घोगरा होऊन गुरगुरायला लागतो. त्या गुरगुरण्यातून शिवीचं तोंड कुठे आणि शेपूट कुठे ते शोधायचं. दोन्हीकडे पांढऱ्या पेन्सिलीची खूण करायची, ब्लेडने तिरका काप घ्यायचा, मधला तुकडा काढायचा आणि उरलेली दोन टोकं चिकटपट्टीने जोडायची. साध्या प्रेमगीतात असा तुकडा काढला तर कोणाला पत्ता लागत नाही. रॅपमध्ये मात्र खालचा ठेका कापला जातो आणि गाणं लंगडतं. त्यावर आमचा उपाय असा, की काढलेला तुकडा उलटा करून परत तिथेच चिकटवायचा. ठेका शाबूत राहतो आणि शिवीच्या जागी मांजर शिंकल्यासारखा आवाज येतो. त्या काळात एमिरेट्समध्ये वाढलेल्या पोरांना रॅपमध्ये मांजरं असतात असंच वाटत असणार.

एकदा एक लेबनीज गृहस्थ मुलाला घेऊन थेट कंपनीत आले. दहा दिरहमची कॅसेट, म्हणजे तेव्हाचे आपले शंभर रुपये, आणि त्यात निम्मं गाणंच नाही अशी त्यांची तक्रार. अमेरिकेतली कुठलीशी रॅपची कॅसेट होती. मी धुतल्यावर तिच्यात ठेका आणि 'येस येस' एवढंच शिल्लक राहिलं होतं, खोटं कशाला बोलू. इस्माईलभाईंनी त्यांना चहा पाजला आणि अत्यंत गंभीरपणे सांगितलं, "हबीबी, कॅसेट चांगली आहे. गाणं खराब होतं, ते आम्ही काढलं." गृहस्थ हसत सुटले, मुलगा मात्र माझ्याकडे असा बघत होता, जणू मी त्याची सायकल चोरली आहे.

न कळणाऱ्या भाषेसाठी माझी एक पद्धत होती. त्या भाषेचा माणूस शोधायचा, शेजारी बसवायचा, हातात पेन्सिल द्यायची आणि सांगायचं, घाण शब्द आला की टेबलावर टक करा. अर्थ विचारायचा नाही, सांगायचा नाही. टक आला की मी टेप थांबवून खूण करणार. पॅकिंगमधली फिलिपिनो मुलगी टकटक करताना खुदुखुदु हसायची. कोपऱ्यावरचा इराणी नानवाला फार सोवळा. 'ओठ' म्हटलं तरी टक, 'रात्र' म्हटलं तरी टक. त्याच्या हिशेबाने चाललो असतो तर फारसीत फक्त राष्ट्रगीत उरलं असतं.

नव्वदीचं दशक संपत आलं तेव्हा स्पॅनिश गाण्यांचं वेड आलं. दुबईतल्या प्रत्येक मॉलमध्ये, प्रत्येक लग्नात स्पॅनिश. एका अक्षराचा अर्थ कोणाला कळत नव्हता आणि सगळे कंबर हलवत होते. त्या लाटेत इस्माईलभाईंनी मेक्सिकोहून एक अल्बम उचलला. "तिकडं लय गाजलाय म्हणे ताई. टॅक्सीत तोच, बाजारात तोच. आपण पण काढू, इन्शाल्ला." तो रॅपचा आहे हे त्यांना ऐकल्यावर कळलं. अल्बमचं नाव मी इथे लिहीत नाही. ज्यांना त्या संगीताची आवड आहे ते ओळखतील, आणि बाकीच्यांचं नावावाचून अडणार नाही.

स्पॅनिशचा माणूस कुठून आणायचा? इस्माईलभाईंचे मेव्हणे अल ऐनला खजुराच्या रोपांच्या मोठ्या बागेत कामाला होते, आणि त्यांचा साहेब मेक्सिकन होता. मिस्टर रामिरो. खजुराच्या रोपांचा जाणकार, पन्नाशीचा, उंच, केस पिकलेले, इंग्रजी सावकाश पण नीट बोलणारा. एका शुक्रवारी, म्हणजे आमच्या सुट्टीच्या दिवशी, सकाळी चर्च आटोपून, तिकडे तेही शुक्रवारीच असतं, इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात, गाडी चालवत तो दुपारी शारजाला आला. मी त्याला पेन्सिल दिली आणि टकटक समजावली. त्याने विचारलं, "सेन्योरा, तुम्ही इथेच बसणार?" म्हटलं, मी नाही बसले तर कापणार कोण? त्याने एक उसासा टाकला आणि खुर्ची ओढली.

पहिलं गाणं लागलं आणि बिचाऱ्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. टक. टक. टक टक. मग सुतारपक्ष्यासारखी पेन्सिल चालू झाली. शेवटी ती खाली ठेवून तो म्हणाला, "सेन्योरा, यात जिथे टक नाही ते सांगू का? ते सोपं जाईल." आम्ही दोघंही हसलो, आणि मग त्याची भीड थोडी चेपली. तो म्हणाला, ही पोरं माझ्या गावची आहेत. मॉन्टेरे. पोलादाचे कारखाने, धूर, आजूबाजूला उघडे डोंगर. आतापर्यंत आमच्याकडे रॅप म्हणजे अमेरिकेची नक्कल होती, टोप्यासुद्धा तशाच. ही पोरं मात्र आमच्या गल्लीत बोलतात तसं बोलतायत, आमच्याच शब्दांत, आमच्याच हेलात. वाईट बोलतायत, पण आमचं बोलतायत. हे सांगताना तो रागावलेला होता की खूश होता ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

पुढचं एक गाणं सुरू झालं. सुरुवातीला अकॉर्डियन, म्हणजे गळ्यात अडकवून वाजवायची पेटी. त्यांच्या उत्तरेकडच्या गाण्यात ती असतेच, बटणांची असते. जुनी, खरखरीत रेकॉर्ड वाजत असावी तसा आवाज. एक छोटीशी ओळ, तीच परत, तीच परत. मग पोरांनी तोंड उघडलं. मी टक ऐकायला तयार, हात चकतीवर. टक नाही. पोरं तर तावातावाने काय काय बोलत होती. इतक्या वेळाने मलाही दोन-चार शब्द ओळखू यायला लागले होते. तरी टक नाही. मला वाटलं, दोन तास गाडी चालवून आलाय, डोळा लागला असेल. वळून बघते तर त्याने पेन्सिल मुठीत आवळून धरली होती आणि चेहरा रडून ओला झाला होता.

"परत लावा," तो म्हणाला. "सुरुवात."

मी लावली. परत लावली. किती वेळा लावली असेल, विचारू नका. प्रत्येक वेळी ओळीच्या शेवटाकडे पेटी एकदा उचकी लागल्यासारखी अडखळायची, आणि तिथे तो बोट वर करायचा. मग म्हणाला, "या पेटीचं एक बटण अडकायचं. तो त्याच्यावरून उडी मारून जायचा. सेन्योरा, हा माझा भाऊ आहे."

बेतो. धाकटा. रामिरो शिकायला लांबच्या शहरात, हा मात्र शाळा सोडून पेटी घेऊन लग्नं वाजवत फिरणारा. एका छोट्या स्थानिक कंपनीने त्याची एकच रेकॉर्ड काढली होती, दोन बाजू, दोन गाणी. दारूच्या गुत्त्यांत नाणं टाकून वाजणारी यंत्रं असतात, त्यात ती चालायची. मग एका लग्नाहून परत येताना त्यांचा टेम्पो दरीत गेला. बेतोने पंचविशीही ओलांडली नव्हती. घरात त्या रेकॉर्डची एकच प्रत होती. अंत्यविधीच्या वेळी आईने कोणाला न विचारता ती आणली आणि स्वतःच्या हाताने शवपेटीत त्याच्या छातीवर ठेवली.

"नंतर तिला कळलं, तिने काय केलं ते," रामिरो म्हणाला. "मी जुन्या बाजारांत खूप शोधली. कंपनीही राहिली नव्हती. आईने त्याचा सूर परत ऐकलेला नाही. आणि या पोरांना ती कुठे मिळाली देव जाणे."

मी उठून त्याला पाणी दिलं.

मग त्याने जे मागितलं ते अगदी साधं होतं. आई नव्वदीला टेकलेली. दिसत फारसं नाही, कान मात्र शाबूत. अंथरुणाला खिळलेली. डॉक्टरांनी घरच्यांना सांगून ठेवलं होतं की भेटायचं असेल त्यांनी आता भेटून जावं, म्हणून त्याने रजा मंजूर करून घेतली होती आणि लवकरच निघणार होता. जायच्या आत तिच्यासाठी बेतोचा सूर काढून हवा. पण हा असा कसा ऐकवणार? आईच्या खोलीत रोज शेजारच्या बायका प्रार्थनेला येतात, पाद्री येतो. त्या घरात वाईट शब्द उच्चारायची कोणाची हिंमत नाही. "सेन्योरा, तुम्ही घाण काढता ना? मग ही सगळी पोरं काढा. फक्त माझा भाऊ ठेवा."

मी हो म्हटलं. अशक्य आहे हे माहीत असून हो म्हटलं, आणि त्याचं कारणही सांगते. आमचे नाना गेले तेव्हा मी शारजात होते. फोनवर कळलं, तिकीट मिळून पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. नानांचा आवाज कुठेच नाही. आयुष्यभर टेप कापणाऱ्या मुलीने बापाचा आवाज एकदाही टेप केला नाही. तेव्हा समोरचा माणूस आईसाठी भावाचा आवाज मागत असताना 'जमणार नाही' म्हणायला माझी जीभ रेटली नाही.

तो गेल्यावर मी कामाला लागले. कॅसेट घरीही नेली, सारखी ऐकत बसायची. लेक मुक्ता तेव्हा नववीत. मराठीत विचारलेल्या प्रश्नाला इंग्रजीत उत्तर द्यायचं, हा तिचा त्या वयातला धर्म. मी म्हटलं, "अगं, ही पेटी एवढी एकच ओळ का वाजवतेय? पुढे का जात नाही?" ती म्हणाली, "आई, दॅट्स अ लूप." म्हणजे काय? मग तिने तिच्या परीने समजावलं. रॅप करणारे जुन्या रेकॉर्डचा आवडलेला तुकडा घेतात आणि गोल गोल फिरवतात. आपल्याकडे रेकॉर्डवर सुई अडकली की तीच ओळ पुन्हा पुन्हा यायची ना, तसं. फक्त ही सुई मुद्दाम अडकवलेली. त्यावर आपलं बोलणं चढवायचं. मला आधी रागच आला. दुसऱ्याचं उचलायचं, तेही निम्मं! मग वाटलं, यांनी उचललं नसतं तर ते एवढंही कोणाच्या कानावर पडलं नसतं. मुक्ता मात्र कॅसेटच्या प्रेमातच पडली. "धिस इज सो कूल, आई." काही कळतंय का त्यातलं? "नो. सो व्हॉट?"

कामाची अडचण अशी, की कणकेत मिसळलेलं मीठ वेगळं काढता येत नाही. पोरांचे आवाज पेटीवरच चढवलेले. पण माणसाला श्वास तर घ्यावाच लागतो. गाण्याच्या सुरुवातीला, पोरांनी तोंड उघडण्यापूर्वी, पेटी जरा मोकळी होती. मध्ये एका जागी सगळे एकदम गप्प होतात, तिथे थोडी. शेवटी थोडी. आणि शब्दाशब्दांच्या फटींत एवढे एवढे तुकडे, नखाएवढे. ते सगळे मी वेचले. कुठे ओळीचं डोकं मिळालं, कुठे पोट, कुठे शेवट. खालचा ढोलाचा दणका मशीनवर जेवढा दाबता येईल तेवढा दाबला. मग पूर्ण ओळ जुळवली, तिच्या प्रती काढल्या आणि एकामागे एक जोडत कॅसेटची एक बाजू भरली. जोड ऐकू येऊ नयेत म्हणून जिवाचं रान केलं. बाकी दुनियेला मी शिव्या कापणारी एक बाई होते, पण ते काम कोणाही इंजिनीयरने दिव्याखाली धरून तपासावं असं झालं होतं, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगेन. पेटीची ती उचकी मात्र होती तशी ठेवली. इस्माईलभाई म्हणाले, "ताई, इथं खटका राहिलाय बघा." म्हटलं, तो खटका नाही, तोच तर बेतो आहे.

रामिरो कॅसेट न्यायला आला तेव्हा मी त्याला हेडफोन दिला आणि खोलीबाहेर गेले. काचेतून दिसत होतं. सुरुवातीला तो नुसता बसला होता, मग त्याचे ओठ हलायला लागले. आत गेल्यावर त्याने सांगितलं, जिथे ही ओळ तुटते त्याच्या पुढची चाल तो मनात पुरी करत होता. मग गाऊनही दाखवली. बेसूर गायला, पण मला ती चाल आजही येते. निघताना त्याने माझे दोन्ही हात हातांत घेतले. "आता तो स्वच्छ खोलीत एकटा बसून वाजवतोय, सेन्योरा. आईला आवडेल." त्याने पाकीट काढलं तर इस्माईलभाईंनी त्याचा हातच धरला. "खलास. आईचं काम आहे."

अल्बमचं म्हणाल तर तो आम्ही काढलाच नाही. नेमाने धुवायला बसले तेव्हा लक्षात आलं की गाणी संपतील पण मांजरं उरतील. इस्माईलभाई हळहळले आणि दुसऱ्या कुठल्याशा कंबर हलवणाऱ्या गाण्यांकडे वळले. पण मेक्सिकोत त्या अल्बमनंतर सगळी तरणी पोरं तशीच, आपापल्या गल्लीच्या भाषेत गायला लागली, असं मला पुढे मुक्ताने सांगितलं. खरंच असणार.

रामिरो परत आला तो उन्हाळा सुरू झाल्यावर. दाराशी उभा. त्यांच्यात सुतकाला काळं घालतात, म्हणून मी त्याच्या शर्टाकडे, चेहऱ्याकडे बघून काही ओळखता येतंय का ते पाहत होते. विचारायची भीती वाटत होती. तो बसला आणि पहिलंच वाक्य बोलला, "सेन्योरा, तुमची कॅसेट आईला नाही आवडली."

ऐका, मला अगदी कानाखाली मारल्यासारखं झालं. एवढे कष्ट! तेवढ्यात तो हसला. "पूर्ण ऐका तरी," म्हणाला.

घरी पोचल्या पोचल्या बहिणीने त्याला स्वयंपाकघरात ओढलं होतं. ती आईचं सगळं करते. तिने हळू आवाजात सांगितलं, तुला फोनवर सांगायला जीभ धजली नाही, पण आईचं डोकं आता ठिकाणावर नाही. वर्ष होत आलं, ती संध्याकाळी म्हणते, बेतो आत्ता रस्त्यावरून गेला. कधी म्हणते, आज दोनदा गेला. डॉक्टर म्हणाले, वयाने होतं. पाद्रीने तिच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. शेवटी बहिणीने संध्याकाळी तिच्या खोलीची खिडकी लावून घ्यायला सुरुवात केली. तेव्हापासून आई कमी बोलते, म्हणून बहिणीला वाटत होतं उतार पडला.

रामिरोने माझी कॅसेट लावली. प्रार्थनेच्या बायका होत्या, पाद्री होता. आईने डोळे मिटून ऐकलं, बराच वेळ. मग म्हणाली, "चांगला वाजवतो. कोण आहे हा?"

"आई, बेतो."

तिने मान हलवली. "बेतो एकटा बसून कधी वाजवायचा? तू इथे नव्हतास, तुला काय ठाऊक. अंगणात गल्लीतली सगळी टारगट पोरं जमायची, एकेकाच्या तोंडाला गटार. मी आतून ओरडायची, मेल्यांनो, जीभ झडेल तुमची. पण हलायची नाहीत. तो पोरांबरोबर येतो. अजूनही पोरांबरोबरच येतो."

रामिरो मला म्हणाला, मी उठलो आणि खिडकी उघडली. बहीण म्हणाली, नको. मी म्हटलं, राहू दे. आणि आईचा हात धरून बसलो. गाड्या जात होत्या, कोणाच्या रेडिओवर बातम्या, कोणाच्या प्रेमगीत. त्या दिवशी काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा बसलो. दिवे लागायच्या सुमाराला एक टॅक्सी आली. काचा खाली, आवाज एवढा मोठा की टेबलावरचे पेले थरथरले. तोच अल्बम. गावात त्या वर्षी दुसरं काही वाजतच नव्हतं. बेतोची पेटी, उचकी, आणि त्याच्यावर ती पोरं, एकही शब्द न धुतलेला. टॅक्सी सिग्नलला थांबली. प्रार्थनेच्या बायका छातीवर क्रूसाची खूण करत उठल्या, पाद्री खिडकी लावायला निघाला, आणि जिला कूस बदलायला दोन माणसं लागायची ती आई कोपरावर टेकून उठली.

"बसा सगळे," ती म्हणाली. "माझा मुलगा वाजवतोय."

सगळे बसले. सिग्नल सुटेपर्यंत पाद्रीसुद्धा मान खाली घालून त्या शिव्या ऐकत बसला.

एवढं सांगून रामिरोने चष्मा काढून पुसला. मीही पदर डोळ्यांना लावला होता. इस्माईलभाई दारात कधी येऊन उभे राहिले ते कळलं नव्हतं. मी नोकरीत किती गाणी साफ केली त्याची गणती नाही, आणि त्या कामाची मला लाज कधी वाटली नाही. पण माझं सगळ्यात चांगलं काम वाया गेलं याचा मला एवढा आनंद होईल, असं कोणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

"मग नंतर?" मी विचारलं.

नंतर जास्त दिवस नव्हते, तो म्हणाला. पण त्या संध्याकाळी टॅक्सी गेल्यावर बहीण आईच्या पायाशी बसून रडत होती. आईने चाचपडत तिचं डोकं शोधलं, केसांवरून हात फिरवला आणि अगदी नेहमीच्या आवाजात सांगितलं, "रडतेस कशाला? उद्यापासून खिडकी लावू नकोस म्हणजे झालं."